नेटवर्कचे प्रकार कोणते, आणि ऑफिसच्या स्विचना रिंगमध्ये का जोडू नये?

प्रकारांचं आधी भरभर उरकतो, कारण ते कुठल्याही नोट्समध्ये सापडेल. पर्सनल, लोकल, मेट्रोपॉलिटन आणि वाइड ही विभागणी पल्ल्यावरून केलेली आहे. त्यातलं मेट्रोपॉलिटन मी परीक्षेच्या पेपराबाहेर क्वचितच ऐकलंय. प्रत्यक्ष कामात मी एवढंच बघतो की केबल आपली आहे की कुणाकडून भाड्याने घेतलीय. आपली असेल तर लॅन (लोकल), भाड्याची असेल तर वॅन (वाइड). काटेकोर लोक यावर भांडतील, भांडू देत.

मी लिहायला बसलो ते तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या वाक्यामुळे: "रिंगमध्ये एक केबल तुटली तरी डेटा दुसऱ्या बाजूने जातो, मग ऑफिसचे स्विच रिंगमध्ये का जोडू नयेत?" जवळजवळ याच शब्दांत हे मला एका वरिष्ठांनी ऐकवलं होतं.

आमच्या त्या ऑफिसात मजल्यावरचे स्विच, म्हणजे केबलींनी मशीन एकमेकांना जोडणारे डबे, एकाला एक असे माळेत जोडलेले होते. सगळे साधे, अनमॅनेज्ड, म्हणजे ज्यात काही सेटिंग करता येत नाही असे. ती माळ मला पहिल्यापासून खुपत होती, कारण मधला एक स्विच गेला की पुढचे सगळे गेले. माझं म्हणणं होतं की प्रत्येक स्विचची केबल थेट एका मधल्या स्विचवर आणू. साहेबांचं म्हणणं, एवढी केबल ओढायचीच कशाला, शेवटच्या स्विचमधून एक पॅच कॉर्ड (छोटी केबल) पहिल्यात खोचली की झाली रिंग. मी म्हटलं, साहेब, या स्विचना असं जोडलं तर सगळंच बसेल. त्यावर उत्तर आलं, "अरे, रिंग टोपॉलॉजी पुस्तकात दिलीय, ती काय मी शोधून काढली?" संध्याकाळी लोक घरी गेल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने ती कॉर्ड खोचली आणि तेही निघून गेले.

सकाळी कुणाचं लॉगिन होईना. प्रिंटर गायब, आयपी फोन मुके, सर्व्हरला पिंग केलं (आहेस का, असं विचारलं) तर मधूनच एखादं उत्तर. रॅक उघडला. एरवी स्विचचे दिवे आपापल्या चालीने लुकलुकतात, एखादा पोर्ट घाईत असतो तर शेजारचा पेंगत असतो. त्या दिवशी सगळ्या स्विचचे सगळे दिवे एका तालात चालले होते, आणि इतक्या वेगाने की सतत पेटलेलेच वाटावेत. हे दृश्य एकदा पाहिलेल्या माणसाला लूप, म्हणजे केबलचं बंद वर्तुळ, ओळखायला टेस्टर लागत नाही.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या दिव्यांत आहे. मशीन सुरू झालं की ते "अमुक आयपी कुणाचा?" असं सगळ्यांना विचारतं. हा ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठीची हाक, ज्या पोर्टमधून आला तो सोडून बाकी प्रत्येक पोर्टमधून स्विच तो पुढे ढकलतो. जोडणीला टोक असेल तर तो टोकाशी जाऊन संपतो. वर्तुळ असेल तर दोन्ही दिशांनी फिरून परत येतो, पुन्हा ढकलला जातो, आणि प्रत्येक फेरीत मजल्यावरच्या एकूण एक मशीनवर जाऊन आदळतो. आयपी पॅकेटमध्ये टीटीएल नावाचा एक आकडा असतो, दर राउटरला तो एकाने घटतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून दिलं जातं. पण केबल आणि स्विचवर डेटा ज्या पद्धतीने धावतो त्या इथरनेटच्या फ्रेममध्ये, म्हणजे डेटाच्या पाकिटात, असली काही सोयच नाही. त्यामुळे एक फ्रेम आत शिरली की कुणी केबल उपसेपर्यंत फिरतच राहते, आणि दर मिनिटाला नव्या फ्रेमची भर पडते. त्यात एकाच मशीनचा मॅक पत्ता (हार्डवेअरचा पत्ता) स्विचला कधी डावीकडून येताना दिसतो, कधी उजवीकडून. म्हणजे साधा, एकाने दुसऱ्याला पाठवलेला डेटाही भलतीकडे जातो.

मग पुस्तकातली रिंग खोटी का? खोटी नाही, पण ती वेगळ्या यंत्रणेची आहे. आयबीएमच्या टोकन रिंगमध्ये ज्याच्याकडे टोकन (बोलायची पाळी देणारी खूण) त्यानेच बोलायचं, आणि फ्रेम फिरून परत आली की पाठवणाऱ्यानेच ती काढून घ्यायची. बेवारस फ्रेम फिरत राहिली तर ती मारायला मॉनिटर म्हणून एक स्टेशन नेमलेलं असायचं. इथरनेटमध्ये नेमकं हेच नाही. शिवाय ती टोकन रिंग खोलीत पाहिली असतीत तर तुम्ही तिला स्टारच म्हणाला असतात! प्रत्येक मशीनची केबल मधल्या एका डब्याकडे जायची आणि रिंग त्या डब्याच्या आत असायची. तसंच, एका दिशेच्या साध्या रिंगमध्ये केबल तुटली की सगळंच बंद पडतं. तुमचं वाक्य खरं ठरतं ते दुहेरी रिंगमध्ये, उदाहरणार्थ एफडीडीआय, १०० मेगाबिटची, उलट दिशांनी फिरणाऱ्या दोन रिंगची. पुस्तकं दोन्हींसाठी एकच गोल काढतात आणि मग साहेब लोक तो गोल रॅकमध्ये काढायला जातात.

परीक्षेसाठी विचारत असाल तर केबलची मांडणी आणि डेटाची वाट या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून लिहा. हब, म्हणजे आलेलं सगळं सगळीकडे पाठवणारा डबा, लावलेलं नेटवर्क दिसायला स्टार, वागायला बस, म्हणजे सगळे एकाच केबलवर असल्यासारखं. खरी बस म्हणजे टेनबेस-टू हे जुनं इथरनेट, बारीक कोॲक्स केबल, १८५ मीटरचा सेगमेंट आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणाऱ्या टोप्या. एक टर्मिनेटर निघाला की सगळे बसले. १९९० मध्ये टेनबेस-टी आलं, मशीन १०० मीटरपर्यंतच्या स्वतंत्र केबलवर आलं, आणि स्टार जिंकला. मेशचं विचाराल तर १० ठिकाणं प्रत्येकाशी जोडायची म्हणजे ४५ लिंक, ऑफिसात ते कुणी करत नाही.

आता जादा केबलचं. ती ठेवता येते, पण स्विच शहाणा हवा. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डीईसी कंपनीत असताना स्पॅनिंग ट्री शोधून काढलं. त्यात स्विच आपसात बोलून वर्तुळातली एक लिंक स्वतःच अडवून ठेवतात आणि चालू लिंक तुटली की अडवलेली उघडतात. म्हणजे गंमत बघा, इथरनेटमध्ये रिंग चालते ती तोडून ठेवल्यामुळेच. जुन्या पद्धतीत लिंक उघडायला ३० ते ५० सेकंद जायचे, २००१ च्या रॅपिड स्पॅनिंग ट्रीमध्ये फार तर काही सेकंद जातात. आमच्या त्या स्विचमध्ये यातलं काहीच नव्हतं, आणि हे मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

मी कॉर्ड उपसली, दिवे लगेच निवळले. पण तोवर साहेबांनी स्विच बदलायला माणूस बोलावला होता, त्याने एक स्विच बदलला, आणि रिपोर्टमध्ये "स्विच सदोष, बदलून पूर्ववत" असं गेलं. तो सदोष स्विच मी माझ्या टेबलावर लावून दिवसभर त्यावर ट्रॅफिक चालवलं, एक पॅकेट पडलं नाही. रिपोर्ट तसाच राहिला. वर आढाव्यात मलाच ऐकावं लागलं की उपकरणांची देखभाल नीट होत नाही.

म्हणून माझा सल्ला: एक मधला मॅनेज्ड स्विच, बाकी प्रत्येकाचा अपलिंक (वर जाणारी केबल) थेट त्यावर, रॅपिड स्पॅनिंग ट्री चालू, प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना लेबल. आयपी फोनच्या मागे दोन पोर्ट असतात, कुणीतरी दोन्ही भिंतीत खोचतं आणि तोच लूप पुन्हा होतो, तेव्हा युजरकडच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड लावा, म्हणजे तिथून स्पॅनिंग ट्रीचा संदेश आला की तो पोर्ट बंद होतो. आणि रॅकची किल्ली नेटवर्क सांभाळणाऱ्याकडेच असू द्या, मागणाऱ्याचा हुद्दा कितीही मोठा असो.

दोन गोष्टी राहिल्या. स्टारमध्ये मधला स्विच गेला की सगळं गेलं, त्यामुळे तो एक जादाचा कपाटात असू द्या. आणि कारखान्यांत, लांबच लांब पसरलेल्या जागी रिंग सर्रास वापरतात, पण तिथल्या स्विचमध्ये रिंग सांभाळणारा प्रोटोकॉल असतो. काही अनमॅनेज्ड स्विच लूप ओळखतात हे खरं आहे, पण ते फार तर दिवा लावून इशारा देतात किंवा पोर्ट बंद करतात. त्यांच्या भरवशावर रिंग करू नका.