रात्रपाळीत चुकीची सलाईन लागली, रुग्ण ठीक आहे. आता कुणाला सांगावं का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: नोकरीला चार महिने झालेत. काल रात्री एका मधुमेही आजींना एनएस (नॉर्मल सलाईन, नुसतं मिठाचं पाणी) लावायची होती, तुमच्या हातून डीएनएस (साखर घातलेली) लागली. ३०० मिली गेल्यावर लक्षात आलं, गुपचूप बाटली बदललीत, केस पेपरवर काही लिहिलं नाहीत. सकाळी आजी ठीक होत्या. आता तोंड उघडावं की झालं ते झालं म्हणायचं?

सांगा. आजच सांगा, घरी असाल तर फोन करून. मी अठरा वर्षं वॉर्डात काढलीत, आणि प्रामाणिकपणाचे धडे द्यायला हे लिहीत नाहीये. साधा हिशेब आहे.

डीएनएस म्हणजे एनएसमध्येच ५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज. ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम, म्हणजे आजींना साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज गेलं. तीन चमचे साखर धरा. एवढ्यानं बहुतेक वेळा काही आभाळ कोसळत नाही. पण राउंडला डॉक्टरांनी चार्ट पाहिला आणि शुगर चढलेली दिसली तर त्यांनी काय समजायचं? खाणं तेच, इन्सुलिन तेच, तरी शुगर वर. म्हणजे डोस कमी पडतोय. ते डोस वाढवणार. ग्लुकोज तर तुम्ही रात्रीच बंद केलंत. मग दुपारी शुगर एकदम उतरून आजींना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, तर त्याचं मूळ कुणाला सापडणार? डीएनएसनं जे बिघडलं नाही ते कोऱ्या राहिलेल्या नोंदीनं बिघडू शकतं.

माझी चूक तुमच्यापेक्षा मोठी होती. हृदय कमजोर असलेले एक आजोबा, ऑर्डर तासाला ३० मिली. मायक्रो सेटवर (सेट म्हणजे बाटलीपासून हातापर्यंतची नळी, मायक्रोत थेंब बारीक) हे सोपं असतं: ६० थेंबांचा एक मिली, त्यामुळे मिनिटाला ३० थेंब म्हणजे तासाला ३० मिली. सेट बदलायची वेळ आली तेव्हा ट्रॉलीत मायक्रो सेट नव्हता. मी साधा मॅक्रो लावला, २० थेंबांना एक मिलीवाला, आणि घड्याळ लावून मिनिटाला ३० थेंब मोजले. अगदी मन लावून मोजले! तासाला ९० मिली चालू झालं. दोन तासांनी त्यांची सून आली आणि म्हणाली, ‘‘सिस्टर, बाबांना आडवं पडवत नाहीये, सारखे उठून बसतायत.’’ मी गेले तर खोकला, धाप, छातीत बुडबुड. रोलर (थेंब कमी-जास्त करायची नळीवरची चकती) बंद केला, त्यांना टेकून बसवलं, ऑक्सिजन लावला आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर आधी ओरडले, ते ओघानं आलंच. पण त्यांचा पहिला कामाचा प्रश्न होता, ‘‘नक्की किती गेलंय?’’ ६० मिलीच्या जागी १८०, हे मला सांगता आलं, आणि लघवीच्या इंजेक्शनपासून पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरलं. मी ‘‘थोडं फास्ट गेलं असेल’’ असं पुटपुटले असते तर?

म्हणून पुढच्या वेळी (पुढची वेळ येते, माझीही आली) लक्षात आल्या क्षणी आधी रोलर बंद करा. कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी) काढू नका, उपचार करायला तीच लागेल. नुसती बाटली बदलून भागत नाही. सेटच्या नळीत आधीचं द्रव असतंच, त्यामुळे सेटही नवा घ्या. जुनी बाटली कचऱ्यात टाकू नका. किती उरलंय तिथे पेनानं खूण करून बाजूला ठेवा. मग रुग्णाकडे बघा: श्वास, नाडी, बीपी, ऑक्सिजन, आणि डेक्स्ट्रोजचा मामला असेल तर लगेच शुगर. हे आकडे हातात घेऊन डॉक्टरांना फोन, त्यानंतर इन्चार्ज सिस्टर. हात सुजून औषध बाहेर पसरलं असेल तर ‘बघू जातंय का’ म्हणून सिरिंजनं जोर लावून फ्लश करायचा मोह आवरा.

नोंदीचं आता तुमच्यासाठी. कालच्या रकान्यात मागून काही घुसवू नका, खाडाखोड नको, व्हाइटनर तर नकोच. आजची तारीख आणि वेळ घालून ‘उशिरा केलेली नोंद’ असं लिहा आणि त्याखाली फक्त घडलं ते: किती वाजता लक्षात आलं, कोणतं द्रव, किती मिली, तेव्हा रुग्णाची स्थिती काय, कुणाला केव्हा कळवलं, काय आदेश मिळाला. शुगर रात्री तपासली नसेल तर ‘तपासली नाही’ असं लिहा. ‘वॉर्डात गर्दी होती’, ‘आधीच्या शिफ्टनं बाटली तिथे ठेवली’ हे केस पेपरवर नको. ते इन्सिडंट रिपोर्टमध्ये (झालेल्या चुकीबद्दल रुग्णालयाला द्यायचा वेगळा अहवाल) लिहा, आणि तिथे मात्र हात आखडता घेऊ नका. आजींना आणि घरच्यांना कोण, काय सांगणार हे डॉक्टर आणि इन्चार्ज यांच्याशी बोलून ठरवा. एकटीनं जाऊन रडत माफी मागू नका.

रिपोर्टमध्ये गर्दी लिहायची ती सबब म्हणून नाही. एनएस, डीएनएस, आरएल (रिंगर लॅक्टेट, आणखी एक सलाईन) एकाच रॅकमध्ये, एकाच अंगाच्या बाटल्यांत, रात्रीच्या मंद दिव्यात. १०० मिलीच्या बाटल्यांचं तर विचारूच नका. मेट्रोनिडाझोल, पॅरासिटामॉल, मॅनिटॉल शेजारी ठेवून बघा एकदा. आणि आपली भाषाही यात सामील आहे. घरच्यांना सगळंच ‘सलाईन’, ते ठीक. पण आपणही हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना, ‘‘सात नंबरची सलाईन संपत आलीय, दुसरी लाव’’ म्हणतो. कुठली दुसरी? मी आता पूर्ण नाव घेतल्याशिवाय हँडओव्हर घेत नाही. लोक वैतागतात, वैतागू देत. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी २००० साली चीजच्या भोकांचं उदाहरण देऊन हेच मांडलं होतं: प्रत्येक थरात भोकं असतात, ती एका रेषेत आली की चूक रुग्णापर्यंत पोचते. शेवटचा थर बहुतेक वेळा नर्स असते, म्हणून दिसते तीच.

एका बाबतीत मी तुम्हाला घाबरवणार आहे: पोटॅशियम क्लोराइड, एकदम आत गेलं तर हृदय थांबवू शकणारा क्षार. ते थेट शिरेत कधीच नाही, आणि टांगलेल्या, चालू बाटलीत टोचून तसंच सोडायचंही नाही. ते जड असतं, तळाशी साचतं आणि पहिल्या काही मिनिटांतच एकवटून आत जातं. बाटली खाली उतरवा, औषध घाला, आठ-दहा वेळा उलटीपालटी करा, लेबल लावा, दुसऱ्या सिस्टरला दाखवा, मगच जोडा. इथे तीन चमचे साखरेसारखी सवलत नाही.

मेमो मिळेल का? मिळू शकतो, मलाही मिळाला होता. पुढच्या आठवड्यात ट्रॉलीत मायक्रो सेटचा वेगळा कप्पाही आला.

फोन कसा करायचा हेच अडत असेल तर हे वाचून दाखवा: ‘‘सर, काल रात्री आजींना एनएसऐवजी माझ्याकडून डीएनएस लागली, ३०० मिली गेली, मी तेव्हा कळवलं नाही. आजचा इन्सुलिनचा डोस बदलला असेल तर प्लीज पुन्हा बघा.’’