एरेटरसाठी एफडी मोडू का? यंदा तरी नको

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. लांज्याजवळ चार एकर भात, झोडून ५० क्विंटलच्या आसपास येतं, गेल्या ऑक्टोबरात परतीच्या पावसाने सुकवायला उसंतच दिली नाही आणि सहाएक क्विंटल काळं पडलं, म्हणून आता ४६ हजारांना दोन पोर्टेबल एरेटर घ्यायचेत आणि त्यासाठी एफडी मोडायचीय. माझं उत्तर यंदा नको, पण मशीन वाईट आहे म्हणून नाही.

एरेटर म्हणजे भोकं पाडलेला पाईप नि त्यावर पंखा, ढिगात खुपसायचा आणि हवा खेळवायची. हीटर नाही त्यात. त्यामुळे बाहेरची हवा जेवढी कोरडी तेवढंच भात सुकणार, आर्द्रता ८५ टक्के असेल तर भात १५-१६ टक्के ओलाव्यावर येऊन अडतं, मग पंखा कितीही फिरवा, आणि साठवायला तर १४ च्या आत पाहिजे. रात्री दवात चालू ठेवलात तर सुकलेलं भात परत ओल ओढून घेईल. ऑक्टोबरात आपल्याकडे दुपारचे चार तास बरे मिळाले तरी पुष्कळ. हां, ढीग तापणं, वास येणं, दाणा पिवळा पडणं हे तो रोखतो, म्हणजे ऊन पडेपर्यंत काही दिवस धकवता येतात. ४६ हजार त्या दिवसांचे आहेत असं समजा. आणि पोत्यात भरून ठेवत असाल तर तेवढाही उपयोग नाही, ढीग मोकळा आणि वारवलेला लागतो.

आता पैसे. सहा क्विंटल गुणिले २,३६९ (२०२५-२६ चा साध्या भाताचा हमीभाव) म्हणजे १४,२१४ रुपये. दरवर्षी एवढं गेलं असतं तर सव्वातीन वर्षांत वसूल, पण असा पाऊस तीन वर्षांतून एकदा धरला तर जवळजवळ दहा वर्षं. घरचा तांदूळ काढून मुंबईला पाठवता त्याचा हिशोब वेगळा, क्विंटलचा ६५ किलो तांदूळ ४५ रुपयांनी धरला तर २,९२५ होतात, पण निकाल तोच राहतो. शिवाय तुम्हीच लिहिलंय की थोडं शेतातच आडवं पडून कोंब आले, ते कुठला पंखा वाचवणार?

शेजाऱ्यांना भाड्याने देऊन पैसे काढू म्हणताय, ते डोक्यातून काढा. पाऊस सगळ्या वाडीला एकाच दिवशी लागतो, तेव्हा मशीन तुमच्याच ढिगात असेल. विजेची काळजी मात्र नको, एक एचपी मोटर आठ तासांना साधारण सहा युनिट खाते.

पहिला खर्च ओलावा मोजायच्या मीटरवर करा, एरेटरच्या मानाने स्वस्त पडतो. २० टक्क्यांचं १०० किलो भात १४ वर आणलं की ९३ किलो उरतं, आणि खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपर्यंत घेतात, म्हणजे विकायचं भात विनाकारण १२ पर्यंत सुकवलं तर आपलंच वजन उन्हात जातं, आणि मीटर नसेल तर हे कळतही नाही. चांगली जाड ताडपत्री घ्या. आणि चारही एकरात हळवं (लवकर पिकणारं भात) का लावता? ज्या मळ्यात पाणी टिकतं तिथे निमगरवं (मध्यम मुदतीचं) किंवा गरवं (उशिरा पिकणारं) लावलंत तर कापणी पुढे सरकेल, सगळं एकदम पावसात सापडणार नाही, नि याला भांडवल लागत नाही.

एफडी एकच आहे आणि जूनला मुलाची फी आहे असं तुम्ही म्हणता, मग ती मोडूच नका, बऱ्याच बँका मुदतीआधी मोडली की व्याजात अर्धा-एक टक्का कापतात. अगदीच गरज पडली तर एफडीवर कर्ज घ्या. पीककर्जातून मशीन घेऊ नका, ते हंगामाला फेडायचं असतं. महाडीबीटीच्या (राज्य सरकारचं अनुदानाच्या अर्जांचं पोर्टल) यांत्रिकीकरणाच्या यादीत असं काही बसतंय का ते सहायक कृषी अधिकाऱ्यांना (आधीचे कृषी सहायक) विचारा, पण पूर्वसंमती येण्याआधी बिल केलंत तर अनुदान गेलंच.

या कापणीला रोज दुपारी बारा आणि चारला हवेची आर्द्रता नि भाताचा ओलावा लिहून ठेवा, मला पाठवा, मग दोन नाही पण एक घ्यायचा का ते बघू.