बंदुकीची नुसती पिन असली तरी वयाची एकवीसच लागतात, अठरा नाही

तुझी पोस्ट वाचली आणि डोळ्यासमोर २०१७चा पावसाळा उभा राहिला. बाबा अंथरुणात, बारा बोअरची बंदूक त्यांच्या नावावर, तिची फायरिंग पिन (काडतुसावर आपटून बार उडवणारी) झिजून गेलेली आणि रात्री डुकरं येऊन भात लोळवून जातायत. अगदी तू लिहिलंयस तेच. तू एकोणीस, मी तेव्हा वीस. तू विचारलंयस, अठरा पूर्ण आहेत, मतदान कार्ड आहे, मग पिन माझ्या नावावर मिळेल का. नाही मिळणार, आणि कोणी देत असेल तर घेऊ नकोस.

मी वकील नाही, पण हे कलम मी इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय. १९५९च्या शस्त्र कायद्यात बंदुकीच्या व्याख्येतच तिचे भाग धरलेत, आणि कलम ९ म्हणतं २१ पूर्ण नसतील तर घ्यायची नाही, बाळगायची नाही, न्यायची पण नाही. आधी ही अट सोळाची होती, १९८३ला वाढवली. तुझ्या पोस्टखाली एकाने तुला कलम ४५ दाखवलंय की किरकोळ भागांना सूट आहे. ते अर्धंच वाचलंय त्याने. ती सूट जो भाग बाकीच्या भागांना जोडून वापरायचा नाही त्याला आहे, आणि तू तर पिन बंदुकीत बसवायलाच घेतोयस ना!

दुसरं, बाबांकडून चिठ्ठी घेऊन बंदूकच दुकानात नेऊ असा विचार असेल तर थांब. परवानाधारकाच्या लेखी अधिकारावर दुसऱ्याला बंदूक दुरुस्तीला नेता येते हे खरं, पण एकवीसच्या आतल्याला तेही नाही. तुझे काका आहेत म्हणतोस, त्यांना पाठव, बाबांची सही असलेलं पत्र आणि मूळ परवाना देऊन, आणि परवाना असलेल्या डीलरकडेच. गावातल्या लोहाराकडे अजिबात नको, हात कितीही चांगला असला तरी दुरुस्तीला परवाना लागतो, तो बिचारा पण अडकेल.

आता माझं जे नुकसान झालं ते. बाबा त्याच वर्षी गेले. बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली, ते बरोबरच होतं, आणि वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करायला एका ऑफिसात गेलो, नाव घेत नाही. टेबलावरच्या माणसाने माझ्याकडे न बघताच सांगितलं, अठरा झालेत ना, मग दे अर्ज. मी दिला. आईचं आणि बहिणीचं संमतीपत्र, स्टॅम्प पेपर, पोलीस चौकशी, प्रत्येक वेळी एसटीने जाऊन अख्खा दिवस मोडायचा, आणि आठ महिन्यांनी अर्ज परत, कारण काय तर वय कमी. जे पहिल्या दिवशी जन्मतारीख बघून सांगता आलं असतं ते! त्या माणसाला विचारलं तर म्हणाला मी असं बोललोच नाही. माझ्याकडे कागद कुठे होता? म्हणून कळकळीने सांगतो, काउंटरवरच्या तोंडी उत्तरावर एक पाऊलही टाकू नको, अर्ज देऊन लेखी माग, पोच घे, त्यावर तारीख आणि शिक्का बघ.

आणि एक गोष्ट मला कोणीच सांगितली नाही. अशी बंदूक पोलीस ठाण्यातच ठेवली पाहिजे असं नाही, कलम २१ प्रमाणे परवानाधारक डीलरकडेही जमा करता येते. तो निदान तेलपाणी तरी करतो. आमची परत मिळाली तेव्हा नळीत आतून गंजाचे खवले होते, आणि दस्त्यावर बाबांचा गाल टेकून टेकून गुळगुळीत झालेली जी जागा होती ना, तिथे वाळवीची माती. ती मी अंगठ्याने पुसली, खाली लाकूडच राहिलं नव्हतं. अजून राग येतो.

तुझे बाबा आहेत तोवर परवान्याची मुदत बघून घे, कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर तीनऐवजी पाच वर्षं झालीय. त्यांनी बंदूक २५ वर्षं बाळगली असेल किंवा त्यांची सत्तरी झाली असेल तर ते हयात असतानाच वारसाच्या नावावर करायची सोय २०१६च्या शस्त्र नियमात आहे, पण वारसाला एकवीस पूर्ण लागतातच, म्हणजे तुला अजून दोन वर्षं. निवडणुकीच्या काळात बंदूक जमा करायला सांगितलं तर नळीला तेल लाव, बंदुकीच्या नंबरचा फोटो काढ, पावती घेतल्याशिवाय हलू नको.

डुकरांचं म्हणशील तर शेती संरक्षणाचा परवाना म्हणजे डुकरावर बार टाकायची परवानगी नव्हे, ती वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते. भात गेलं असेल तर त्यांच्याकडेच भरपाईचा अर्ज टाक, पंचनामा होईपर्यंत शेत आहे तसं राहू दे, आईला सांग आवरायला घेऊ नको म्हणून.

काकांना पाठवायच्या आधी पत्राचा मसुदा इथे टाक, मी बघतो.