स्पीडोमीटर 180 पौंडांत होईल, पण पेन्शनचं काय?

इंग्लंडमधल्या स्लाऊहून एका वाचकांनी लिहिलंय. वय 41, पगार वर्षाला 42,000 पौंड. पोर्शे 356 स्पीडस्टरची ब्राझीलमध्ये बनलेली प्रतिकृती त्यांनी 28,000 ला घेतली, त्यातले 20,000 कर्जाचे. स्पीडोमीटर किलोमीटरचा आहे. तबकडी मैलांत रंगवून घ्यायला 180 पौंड पडतात, नवा जीपीएस मीटर बसवायला 650. कोणता पर्याय घेऊ, असा प्रश्न आहे.

180 वाला घ्या. तुमच्या गाडीखाली फोक्सवॅगन बीटल गाडीचा सांगाडा आहे. मीटरची केबल डाव्या पुढच्या चाकाच्या टोपणातून निघते आणि चाकाबरोबर फिरते. काटा ठीक चालतोय, बदलायचे आहेत ते आकडे: 80 च्या जागी 50, 113 च्या जागी 70. किलोमीटर पुसू नका, आतल्या कड्यात बारीक अक्षरांत राहू द्या. सध्या तुम्ही 'निम्मे अधिक दहावा हिस्सा' असा मनात हिशेब करून चालवता. त्या हिशेबाने 50 किलोमीटरचे 30 मैल होतात, प्रत्यक्षात होतात 31. शिवाय मैल दिसणं ही तिथल्या नियमांचीच अट आहे. एक लक्षात ठेवा, तबकडी रंगवली तरी एकूण अंतर किलोमीटरमध्येच मोजलं जाईल. विम्याची 3,000 मैलांची मर्यादा तुमच्या मीटरवर 4,800 ला संपते. एमओटीच्या, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीच्या वेळी नोंद किलोमीटरमध्ये करायला सांगा, नाहीतर विकताना कागद जुळणार नाहीत.

आता पत्रातलं जे वाक्य मी तीनदा वाचलं, त्याकडे येतो. 'हप्ता बसावा म्हणून कंपनीची पेन्शन तीन वर्षांसाठी थांबवली आहे.'

अहो, हे काय केलंत? पगारातले तुमचे 5 टक्के म्हणजे महिना 175 पौंड, कंपनीचेही तेवढेच. पेन्शनच्या खात्यात 350 जात होते. थांबवल्यावर 175 वर 20 टक्के कर लागून हातात आले 140. म्हणजे 140 साठी तुम्ही 350 सोडताय! आठ महिन्यांत 2,800 गेले. तीन वर्षांत 12,600 जातील आणि हातात पडतील 5,000. महागाई वजा जाता 4 टक्के परतावा धरला, तर 25 वर्षांनी त्या 12,600 चे आजच्या किमतीत साधारण 33,000 झाले असते. गाडीपेक्षा जास्त.

'दहा वर्षांत गाडी 45,000 ला जाईल' असं विकणाऱ्याने सांगितलं आणि तुम्ही ते मुलीच्या कॉलेजसाठी धरून चाललात. मूळ स्पीडस्टर 1954 ते 1958 या काळातली, मोजकीच बनलेली. किंमत त्या दुर्मिळपणाला आहे. फायबरग्लासची प्रतिकृती आजही नवी बनवता येते. तिला कशासाठी कोण जास्त देईल? तुमच्या कर्जाचा हप्ता 415 चा, पाच वर्षांत नुसतं व्याज 4,900. गाडी हौसेची आहे, हौस म्हणून ठेवा. मुलीच्या शिक्षणाच्या हिशेबातून ती आजच काढा.

आणि पुण्याच्या सुट्टीत मावसभावाने गळ्यात घातलेली ती 'गॅरंटीड' पॉलिसी. वर्षाला 1,20,000 रुपये, दहा वर्षं, विसाव्या वर्षी 24 लाख. 'दुप्पट' ऐकायला छान वाटतं, पण परतावा पडतो जेमतेम साडेचार टक्के. विमा 12 लाखांचा, म्हणजे सुमारे 10,000 पौंड. तुमच्यामागे घर, कर्ज आणि आठ वर्षांची मुलगी असताना एवढ्या विम्याने काय होणार? असल्या पॉलिसी नात्यातल्या माणसाच्या हातून खपवल्या जातात, याचा मला राग येतो. फ्री-लूकचे, म्हणजे पॉलिसी परत करायच्या मुदतीचे 30 दिवस उलटलेत, पण हप्ता एकच भरलाय. दुसरा भरू नका. परत मिळेल ते घ्या, उरलेलं गेलं म्हणा. मावसभाऊ रुसला तर रुसू दे. त्याऐवजी इंग्लंडमध्येच साधा मुदतीचा विमा घ्या.

पॉलिसीचे महिना 80-85 पौंड सुटतात. हार्डटॉपसाठी, म्हणजे गाडीच्या टणक छतासाठी तुम्ही दरमहा 100 बाजूला टाकता, त्यातले 60 घ्या. झाले की 140! पेन्शन याच महिन्यात सुरू होते, गाडीही राहते.

पेन्शन पुन्हा सुरू करा, असं कंपनीच्या एचआरला याच आठवड्यात लेखी कळवा. वर्षातून एकदा अशी विनंती त्यांना मान्य करावीच लागते. दर तीन वर्षांनी ते आपणहून पुन्हा सामील करून घेतात, त्याची वाट पाहू नका. तबकडी पुढच्या महिन्यात उतरवली तरी चालेल. तोवर डॅशबोर्डवर कागदाची पट्टी चिकटवा: 30 मैलांना 48 किलोमीटर, 40 ला 64, 50 ला 80, 60 ला 97, 70 ला 113.