वाचक विचारतात: हरणाचा फोटो टाकताना

प्रश्न : टेक्सासात रीतसर परवाना काढून व्हाइटटेल हरणाची शिकार करतो. फेसबुकवर फोटो टाकला की लोक भडकतात. काय चुकतं?

उत्तर : बहुतेकदा रक्त आणि बाहेर लोंबणारी जीभ. म्हणून आतडी काढण्याआधीच फोटो घ्या. पाण्याची बाटली आणि जुनं फडकं जवळ ठेवा. नाक-तोंड पुसा, जीभ आत सारा, जखमेची बाजू जमिनीकडे करा. पण आधी टॅग, म्हणजे परवान्याबरोबर मिळणारी, मारलेल्या हरणाला बांधायची पट्टी : कागदी असेल तर शिकारीची महिना-तारीख कातरून लगेच बांधायचा, फोटो त्यानंतर.

हरणाचे पाय पोटाखाली दुमडा, तुम्ही मागे गुडघ्यावर बसा. फोटो काढणाऱ्याने हरणाच्या डोळ्यांच्या उंचीवर यावं, म्हणजे शिंगं आभाळावर स्वच्छ उठतात. झुडपासमोर ती हरवतात. हात लांब करून शिंगं कॅमेऱ्याकडे ढकलू नका, खोटी मोठी दिसतात आणि जाणकार ते लगेच ओळखतात. बंदूक रिकामी हवी, नळी कुणाकडेही नको. हरणावर बसणं तर नाहीच. मेलेल्या जनावराचा मान राखायलाच हवा.

मूळ फाइल पाठवलीत तर त्यात जीपीएस असतं, आधी लोकेशन काढा. नाहीतर शेतमालकाच्या जागेचा पत्ता सगळ्यांना लागतो.

भारतातल्या नातेवाइकांना फोटोसोबत टेक्सासचा उल्लेख जरूर करा. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार गुन्हा आहे.