ड्रॅग कारचा (सरळ ट्रॅकवरच्या शर्यतीच्या गाडीचा) बॅटरी कट-ऑफ स्विच बंद केला तरी इंजिन चालूच राहतं. वायरिंग कुठे चुकलं?

स्विच बहुधा ठीक असेल, गोंधळ अल्टरनेटरचा (इंजिनवर चालून वीज बनवणाऱ्या यंत्राचा) आहे. चार्जिंगची वायर स्टार्टर किंवा फ्यूजबॉक्सकडे जोडलेली असेल, तर बॅटरीची जोडणी तुटली तरी अल्टरनेटर इग्निशनला करंट देत राहतो. ती वायर सोडवून स्विचच्या बॅटरीकडच्या बोल्टवर न्या. तिथे बॅटरीजवळ फ्यूज हवाच, कारण ही वायर स्विच बंद असतानाही जिवंत असते.

स्विच पॉझिटिव्ह केबलमध्येच बसवा. अमेरिकेत एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संस्थेच्या नियमाप्रमाणे तो गाडीच्या मागच्या बाजूला लागतो, ‘ऑफ’ची जागा स्पष्ट लिहावी लागते, आणि दांडा असेल तर तो ढकलल्यावर बंद झाला पाहिजे, ओढल्यावर नाही. (इथेच बरेच जण तपासणीत अडकतात.)

चाचणी नुसत्या आयडलवर नको. आरपीएम वाढवून स्विच बंद करा.