रॅम वाढवल्याने लॅपटॉपची बॅटरी लवकर संपते का, आणि नव्या पिढीच्या मेमरीसाठी थांबावे का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: 16 जीबीऐवजी 32 जीबी रॅम घेतल्यास लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरेल का, आणि डीडीआर5 (संगणकाच्या मेमरीची सध्याची पिढी; तिच्या आधीच्या डीडीआर3 आणि डीडीआर4) नंतरचे मानक येईपर्यंत खरेदी पुढे ढकलावी का. पहिल्याचे उत्तर ‘किंचित’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असे आहे.

लॅपटॉपमधली रॅम डीरॅम प्रकारची असते. डीरॅममधला प्रत्येक बिट एक ट्रान्झिस्टर (सूक्ष्म स्विच) आणि एक अतिसूक्ष्म कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा घटक) यांच्यात साठवला जातो. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचे पेटंट 1968 मध्ये मिळाले आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. कपॅसिटरमधला विद्युतभार सतत गळत असल्यामुळे डीडीआर4 मध्ये सर्वसाधारण तापमानाला दर 64 मिलिसेकंदांत, तर डीडीआर5 मध्ये 32 मिलिसेकंदांत बिटांची प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. यालाच रिफ्रेश म्हणतात. कोणत्या ओळीत आपली फाइल आहे आणि कोणती ओळ रिकामी आहे, हे चिपला ठाऊक नसते. त्यामुळे वापरात नसलेली रॅमही वीज घेतच राहते. लॅपटॉप स्लीपमध्ये असताना हा खर्च जाणवू शकतो. चालू लॅपटॉपमध्ये मात्र स्क्रीन आणि प्रोसेसर यांच्यापुढे तो लहान असतो. उलट रॅम अपुरी पडली, की ऑपरेटिंग सिस्टिम माहिती वारंवार एसएसडीवर हलवू लागते आणि त्यात वेळही जातो, वीजही जाते. म्हणून बॅटरी वाचवण्यासाठी रॅम कमी घेणे मला पटत नाही.

काम चालू असताना मेमरीची बरीचशी वीज जाते ती माहिती हलवण्यात. प्रोसेसरला एका वेळी 64 बाइट हवे असतात, पण आठ चिपच्या नेहमीच्या डीडीआर4 मॉड्यूलमध्ये (रॅमच्या पट्टीत) तेवढ्यासाठी प्रत्येक चिपमधली 1 किलोबाइटची, म्हणजे एकूण 8 किलोबाइटची ओळ उघडावी लागते. वाचताना कपॅसिटरमधला भार पसरून जातो, म्हणून ती संपूर्ण ओळ पुन्हा भरावीही लागते. लगेच त्याच ओळीतले पुढचे बाइट लागले तर हा खर्च वसूल होतो. प्रोग्राम इकडून तिकडे उड्या मारत असेल तर हव्या असलेल्या माहितीच्या 128 पट माहिती दर वेळी उगाच हाताळली जाते. 

वीज कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे व्होल्टेज उतरवणे, कारण स्विचिंगचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. डीडीआर3 चे व्होल्टेज 1.5 होते, डीडीआर4 चे 1.2 झाले आणि डीडीआर5 चे 1.1. पहिल्या टप्प्यात, बाकी सारे तेच धरल्यास, 36 टक्के बचत होते. दुसऱ्यात जेमतेम 16 टक्के. व्होल्टेज जितके खाली जाते तितका कपॅसिटरमधला संकेत ओळखणे कठीण होते, त्यामुळे पुढच्या पिढीकडून एकाएकी मोठ्या बचतीची अपेक्षा ठेवण्यास मला आधार दिसत नाही.

आता विलंबाबद्दल. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेने 2017 मध्ये डीडीआर5 चे मानक 2018 मध्ये येईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात ते जुलै 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. डेस्कटॉपवर ते इंटेलच्या बाराव्या पिढीसोबत 2021 च्या अखेरीस आले आणि एएमडीच्या रायझन 7000 सोबत 2022 मध्ये. मेमरी बनवणारे, प्रोसेसर बनवणारे आणि मदरबोर्ड बनवणारे या सर्वांचे एकमत व्हावे लागते, आणि मेमरीशी देवाणघेवाण सांभाळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असल्यामुळे नवा प्रोसेसर तयार झाल्याशिवाय नव्या मेमरीला ग्राहकच नसतो. त्यात डीडीआर5 मध्ये वीज नियंत्रित करणारी चिप मदरबोर्डवरून मॉड्यूलवर आली, आणि 2021 मध्ये नेमक्या त्याच चिपचा तुटवडा झाला. शिवाय नवी पिढी आल्या आल्या सर्व बाबतींत सरस असतेच असे नाही: डीडीआर5-4800 च्या सीएल40 मॉड्यूलला (4800 हा वेगाचा आकडा, तर सीएल म्हणजे पहिल्या प्रतिसादापूर्वी थांबावे लागणारे घड्याळाचे ठोके) पहिला प्रतिसाद द्यायला सुमारे 16.7 नॅनोसेकंद लागतात, तर डीडीआर4-3200 च्या सीएल16 मॉड्यूलला 10. बँडविड्थ, म्हणजे दर सेकंदाला हलवता येणारी माहिती, वाढली, पण प्रतीक्षा कमी झाली नाही. 

बॅटरी हाच आपला मुख्य निकष असेल, तर डीडीआरचा पुढचा आकडा कधी येतो यापेक्षा लॅपटॉपमध्ये एलपीडीडीआर (कमी वीज घेणारी डीडीआर) मेमरी आहे का, हे आधी पाहावे. एलपीडीडीआर5 मध्ये माहितीच्या तारांवरचे व्होल्टेज अर्ध्या व्होल्टपर्यंत खाली आलेले आहे, आणि स्लीपच्या काळात मेमरीचा न लागणारा भाग रिफ्रेशमधून वगळण्याची सोयही या मानकात आहे. अडचण एवढीच, की ही मेमरी बहुधा मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही. बदलता येण्याजोग्या एलपीडीडीआरसाठी कॅम2 हे मानक डिसेंबर 2023 मध्ये प्रसिद्ध झाले आहे. आपण निवडलेल्या लॅपटॉपमध्ये ते नसेल, तर पुढील चार-पाच वर्षांचा विचार करून 32 जीबी खरेदीच्या वेळीच घ्यावी.